राजाची गरज आणि प्रजेचा कागद

१५ जून १२१५ रोजी थेम्स नदीच्या काठी, रनीमीडच्या कुरणात, इंग्लंडचा राजा जॉन आणि त्याच्यावर उलटलेले सरदार यांच्यात जो करार ठरला, तो बरोबर दहा आठवडे टिकला. २४ ऑगस्टला पोप तिसरा इनोसंट याने तो जबरदस्तीने लिहून घेतलेला, अन्यायाचा आणि राजाला लाजिरवाणा असल्याचे सांगून रद्द केला. जॉनला तो पाळायचा नव्हताच. सरदारांनीही ताब्यात घेतलेले लंडन शहर अजून सोडले नव्हते. थोड्याच दिवसांत यादवी पेटली आणि सरदारांनी फ्रान्सच्या राजपुत्राला, लुईला, इंग्लंडच्या गादीवर बसण्याचे आमंत्रण दिले. ‘मॅग्ना कार्टा’ म्हणून जगभर ज्याचा गौरव होतो तो हाच कागद. शांतता राखण्यासाठी लिहिलेला हा तह शांतता राखू शकला नाही, आणि ज्याला बांधण्यासाठी तो लिहिला त्या राजाला तो एक हंगामही बांधू शकला नाही. तरीही पुढच्या पाचशे वर्षांत इंग्लंडचा राजा हळूहळू कायद्याच्या चौकटीत आला, आणि त्या वाटचालीत याच कागदाचा हवाला पुन्हा पुन्हा दिला गेला. हे कसे घडले? माझे म्हणणे असे की कागदात बळ केवळ त्यातल्या मजकुराने येत नाही. इंग्लंडच्या राजांना पैसा लागत होता, तो इतरांच्या संमतीवाचून पुरेसा गोळा होत नव्हता, म्हणून त्यांना वारंवार मागायला यावे लागत होते, आणि त्या प्रत्येक खेपेला जुना कागद पुढे करता येत होता. राजाच्या गरजेने संधी दिली. त्या संधीत नेमके काय मागायचे हे कागदाने लक्षात ठेवले. यांतले एक असून दुसरे नसले की काय होते, याचे पुरावेही इतिहासाने भरपूर ठेवले आहेत.

मूळ भांडणही पैशाचेच होते. १२०४ मध्ये जॉनने नॉर्मंडी गमावली आणि ती परत मिळवण्यासाठी दहा वर्षे त्याने इंग्लंड पिळून काढले. लष्करी चाकरीच्या बदल्यात घ्यायचा पैसा, ज्याला स्क्यूटेज म्हणत, तो त्याच्या आधीच्या राजांनी अधूनमधून घेतला होता. जॉनने त्याची सवयच लावली. सरदार मेला की त्याच्या वारसाला जहागिरीवर बसण्यासाठी राजाला नजराणा द्यावा लागे, आणि तो किती असावा याला धरबंध नव्हता. निकोलस द स्टुटव्हिल या सरदाराला १२०५ मध्ये १०,००० मार्क मान्य करावे लागले होते. मॅग्ना कार्टाने मोठ्या जहागिरीसाठी हा आकडा १०० पौंडांवर, म्हणजे १५० मार्कांवर आणून बांधला. जुलै १२१४ मध्ये बूव्हीनच्या लढाईत जॉनच्या दोस्तांचा धुव्वा उडाला आणि इतकी वर्षे ओतलेला सगळा पैसा वाया गेला. वर्षभराच्या आत सरदार शस्त्रे घेऊन उभे राहिले. मग त्यांनी लिहून घेतलेल्या सनदेत विधवेवर पुनर्विवाहाची सक्ती करू नये इथपासून थेम्स आणि मेडवे नद्यांमधले मासे धरण्याचे बांध काढून टाकावेत इथपर्यंत नाना गोष्टी आल्या. आज आपण तिची ६३ कलमे मोजतो, पण मूळ लॅटिन मजकूर कातड्यावर एकटाकी लिहिलेला आहे. कलमांचे आकडे १८व्या शतकात विल्यम ब्लॅकस्टोनने घातले. राजाने त्यावर सहीही केली नाही, फक्त राजमुद्रा लागली.

त्या गर्दीत तीन तरतुदी वेगळ्या उठून दिसतात. बारावे कलम सांगते की ठरावीक तीन प्रसंग सोडले, तर राज्याच्या सर्वसाधारण सल्ल्यावाचून स्क्यूटेज किंवा मदत म्हणून पैसा घ्यायचा नाही. एकोणचाळिसावे सांगते की कोणाही स्वतंत्र माणसाला त्याच्या बरोबरीच्या लोकांच्या निवाड्याखेरीज किंवा देशाच्या कायद्याखेरीज पकडायचे नाही, कैदेत टाकायचे नाही, त्याची मालमत्ता हिरावायची नाही, त्याला हद्दपार करायचे नाही. आणि एकसष्टावे सांगते की २५ सरदारांची समिती राजावर नजर ठेवील, आणि राजाने वचन मोडले तर त्याचे किल्ले आणि जमिनी जप्त करील. वरवर पाहता खरा दम या शेवटच्या कलमात आहे. प्रत्यक्षात तेच सर्वांत आधी कोसळले. ते राजाला ताळ्यावर आणण्याचा एकच मार्ग सांगत होते आणि तो युद्धाचा होता. युद्ध होऊ नये म्हणून केलेल्या तहात युद्धाचीच तरतूद होती. शिवाय अंमल करणारे पंचवीस जण राजाचे उघड वैरी होते. अशा कलमाखाली कोणताही राजा राहायला तयार झाला नसता, आणि पुढच्या कोणत्याही आवृत्तीत ते परत आले नाही.

ऑक्टोबर १२१६ मध्ये जॉन मेला. त्याचा मुलगा तिसरा हेन्री अवघ्या नऊ वर्षांचा होता आणि अर्धे राज्य बंडखोरांच्या हातात होते. राजाच्या बाजूने कारभार पाहणारा वृद्ध सरदार विल्यम मार्शल आणि पोपचा प्रतिनिधी ग्वाला यांनी त्या नोव्हेंबरमध्ये ही सनद स्वतःहून पुन्हा जारी केली. बारावे, चौदावे आणि एकसष्टावे कलम गाळले; बाकी बहुतेक राहू दिले. जी सनद राजपक्षावर लादली गेली होती, तीच आता राजपक्षाने लोकांना आपल्याकडे वळवण्यासाठी पुढे केली. माझ्या मते या साऱ्या कहाणीतला हा पहिला निर्णायक क्षण आहे, रनीमीडपेक्षाही मोठा. दुसरा क्षण १२२५ चा. हेन्रीला फ्रान्समधली आपली राहिलेली भूमी वाचवण्यासाठी सैन्य पाठवायचे होते. त्याला प्रजेने आपल्या जंगम मालमत्तेचा पंधरावा हिस्सा दिला, त्यातून सुमारे ४०,००० पौंड उभे राहिले, आणि बदल्यात राजाने सनद नव्याने दिली. हा व्यवहार सनदेच्या मजकुरातच नोंदलेला आहे: राज्यातल्या सर्वांनी पंधरावा हिस्सा दिला म्हणून हे हक्क दिले. सक्तीने लिहून घेतले, ही तक्रार आता राजाला करता येणार नव्हती. त्याने किंमत घेतली होती. पुढे इंग्लंडच्या कायद्यात जी मॅग्ना कार्टा टिकली ती जॉनची नव्हे, ही १२२५ ची.

पण राजाला संमती का लागावी? सैनिक होते, किल्ले होते. पैसा ओरबाडून का घेतला नाही? याचे उत्तर कर गोळा करण्याच्या रीतीत आहे. राजाच्या स्वतःच्या जमिनींचे उत्पन्न ठरलेले होते आणि ते लढायांना पुरत नव्हते. जंगम मालमत्तेवरचा कर घ्यायचा तर गावोगाव जाऊन कोणाकडे किती गुरे, किती धान्य, किती लोकर याची मोजदाद करावी लागे, आणि त्यासाठी पगारी नोकरांची फौज इंग्लंडच्या राजाकडे नव्हती. ते काम परगण्यांतल्या नाइटांनी आणि बऱ्या स्थितीतल्या रहिवाशांनी करायचे. त्यांनी अंग काढून घेतले तर हुकूम कागदावर राहत होता आणि तिजोरी रिकामी. म्हणूनच परगण्यांचे आणि शहरांचे प्रतिनिधी बोलावण्याची गरज पडली, आणि त्या बोलावण्यांतून पार्लमेंट घडत गेले. १२५८ मध्ये सरदारांनी ऑक्सफर्डला हेन्रीवर १५ जणांचे मंडळ बसवले आणि वर्षातून तीनदा पार्लमेंट भरवण्याचे ठरवले. सायमन द माँटफर्टने जानेवारी १२६५ मध्ये शहरांच्या प्रतिनिधींनाही बोलावले. त्याच ऑगस्टमध्ये तो इव्हशॅमच्या रणात मारला गेला आणि ऑक्सफर्डची योजना त्याच्याबरोबर बुडाली. राजाच्या डोक्यावर कायमचे पालक बसवणारा हाही कागद एकसष्टाव्या कलमासारखाच संपला, पण प्रतिनिधींना बोलावण्याची रीत संपली नाही, कारण ती राजालाही उपयोगी होती.

१२९७ मध्ये हे सगळे एकत्र आलेले दिसते. पहिला एडवर्ड हा कर्तबगार आणि कठोर राजा एकाच वेळी फ्रान्सशी आणि स्कॉटलंडशी लढत होता. त्याने लोकरीवर जबर जकात बसवली आणि रीतसर संमती न घेता आठव्या हिश्शाचा कर मागितला. सरदार खजिन्याच्या कचेरीत जाऊन उभे राहिले आणि वसुली थांबवा म्हणाले. सप्टेंबरात स्टर्लिंगच्या पुलावर स्कॉटांनी इंग्रज सैन्य कापून काढल्याची बातमी आली. राजा तेव्हा फ्लँडर्समध्ये होता. त्याला घेंटहून सनदेला पुन्हा मान्यता द्यावी लागली, आणि असे कर राज्याच्या सर्वांच्या संमतीवाचून पुन्हा घेणार नाही असे लिहून द्यावे लागले. त्यातच असेही ठरले की सनदेच्या प्रती प्रत्येक कॅथीड्रलमध्ये ठेवायच्या, वर्षातून दोनदा लोकांसमोर वाचायच्या आणि ती मोडणाऱ्याला धर्मबहिष्कृत जाहीर करायचे. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते त्यांच्याही कानांवर आपले हक्क वर्षातून दोनदा पडू लागले. एडवर्डनेही पुढे १३०५ मध्ये पोपकडून आपल्या शपथेतून सुटका करून घेतली, पण तोवर वेळ गेली होती. मध्ययुगातल्या राजांनी सनदेला तीसहून अधिक वेळा दुजोरा दिला. इतक्या वेळा दुजोरा द्यावा लागला याचा अर्थ ती सतत मोडली जात होती हे खरेच. पण दर वेळी मोडणाऱ्यालाच ती मान्य करावी लागत होती हेही तितकेच खरे आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. हे सगळे सरदारांच्या स्वार्थाचे होते; ‘स्वतंत्र माणूस’ म्हणताना जमिनीला बांधलेले कूळ त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हते, आणि इंग्लंडच्या शेतकऱ्यांत अशा बांधलेल्यांची संख्या फार मोठी होती. चोपन्नाव्या कलमाने तर असे ठरवले की नवऱ्याचा खून सोडून इतर कोणाच्या खुनाबद्दल स्त्रीच्या फिर्यादीवरून कोणाला पकडू नये. याहून काळी नोंद १२९० ची आहे. पहिल्या एडवर्डने त्या वर्षी ज्यूंना इंग्लंडमधून हद्दपार केले, आणि त्याच सुमारास पार्लमेंटने त्याला मोठा कर मंजूर केला. ज्यांच्यावर ज्यूंचे कर्ज होते अशा जमीनदारांना खूश करण्याचा तो मार्ग होता. पैशाच्या बदल्यात हक्क या देवघेवीत ज्यांच्याकडे द्यायला काही नसते, त्यांचा सौदा दुसरे करतात. हे मान्य करूनच पुढे जायला हवे. पण स्वार्थातून लिहिलेला मजकूर लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही, हेही इंग्लंडमध्येच दिसले. साठाव्या कलमानेच सरदारांवर अट घातली होती की राजाने जे आपल्याला दिले ते त्यांनी आपल्या माणसांना द्यावे. आणि १३५४ मध्ये तिसऱ्या एडवर्डच्या कायद्याने ‘स्वतंत्र माणूस’ ही मर्यादा ओलांडून सांगितले की कोणत्याही स्थितीच्या आणि दर्जाच्या माणसाला कायद्याच्या रीतसर प्रक्रियेखेरीज जमिनीवरून काढायचे नाही, पकडायचे नाही, मारायचे नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांत मजकूर सरदारांच्या हेतूच्या पुढे निघून गेला होता.

दुसरा आक्षेप असा की राजे नमले ते तलवारीपुढे आणि पैशापुढे, कागद नुसता साक्षीला होता. तलवारीचे आधी पाहू. १३२७ मध्ये दुसरा एडवर्ड आणि १३९९ मध्ये दुसरा रिचर्ड गादीवरून खेचले गेले; दोघेही नंतर कैदेत मेले. राजा बदलला, राजपदाचे अधिकार बदलले नाहीत. नुसता कागदही पुरत नाही. इंग्लंड एकटे नव्हते: हंगेरीच्या दुसऱ्या अँड्र्यूने १२२२ मध्ये सुवर्णमुद्रेची सनद दिली आणि तिच्यात वचन मोडणाऱ्या राजाला विरोध करण्याचा हक्कही होता. आरागॉनच्या सरदारांनी १२८७ मध्ये आपल्या राजाकडून याहून कडक हक्क लिहून घेतले; १३४८ मध्ये चौथ्या पेद्रोने बंडखोरांना रणात हरवले आणि ते हक्क रद्द केले. फ्रान्सच्या दहाव्या लुईनेही १३१५ मध्ये प्रांतोप्रांती सनदा वाटल्या होत्या. तिथे काय झाले ते सगळ्यांत बोलके आहे. इंग्रजांशी चाललेल्या लांबलचक युद्धात फ्रेंच राजांना १५व्या शतकाच्या मध्यास कायमचा कर मिळाला, त्यातून कायमचे सैन्य उभे राहिले, आणि दर वर्षी कोणाला विचारण्याची गरज उरली नाही. फ्रान्सची सर्वसाधारण प्रतिनिधीसभा १६१४ नंतर थेट १७८९ मध्ये भरली. मागणारा राजा यायचा थांबला, तशा तिथल्या सनदाही निजल्या.

इंग्लंडमध्येही एक मोठी झोप आली. ट्यूडर राजांच्या काळात मॅग्ना कार्टाची आठवण मंद झाली. शेक्सपिअरने जॉन राजावर अख्खे नाटक लिहिले, त्यात तिचा उल्लेखही नाही. ती जागी केली एडवर्ड कोकने. हा पहिल्या जेम्सचा मुख्य न्यायाधीश. राजाला नुसत्या जाहीरनाम्याने नवा गुन्हा निर्माण करता येत नाही, असे त्याने १६१० मध्ये ठामपणे सांगितले, आणि १६१६ मध्ये राजाने त्याला पदावरून काढले. मग तो हाउस ऑफ कॉमन्समध्ये जाऊन बसला. कोकने मॅग्ना कार्टाला जो अर्थ दिला तो १३व्या शतकातल्या सरदारांना ओळखू आला नसता. इंग्लंडचा एक अनादी कायदा आहे, राजे त्याच्या खाली आहेत आणि सनद त्याची फक्त उजळणी करते, असे तो मानत होता. इतिहास म्हणून हे चूक आहे. पण एका बरखास्त न्यायाधीशाने चारशे वर्षांपूर्वीचा मजकूर हातात घेऊन जिवंत राजाला जाब विचारावा, हे धैर्य मला अपार आदराचे वाटते.

प्रसंग लवकरच आला. पहिल्या चार्ल्सला युद्धासाठी पैसा हवा होता, पार्लमेंट देत नव्हते, म्हणून १६२६ मध्ये त्याने प्रजेकडून सक्तीचे कर्ज घ्यायला सुरुवात केली. न देणाऱ्यांना तुरुंगात टाकले. त्यांतल्या पाच नाइटांनी १६२७ मध्ये हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कैद्याला न्यायालयापुढे आणण्याचा, अर्ज करून विचारले की आम्हाला कशासाठी धरले ते सांगा. उत्तर आले: राजाचा खास हुकूम. न्यायाधीशांनी त्यांना जामिनावर सोडले नाही. एकोणचाळिसावे कलम राजाच्या तीन शब्दांपुढे थिटे पडले होते. म्हणून १६२८ च्या पार्लमेंटने पाच हप्त्यांचा कर देऊ केला आणि त्याला ‘पिटिशन ऑफ राइट’ जोडली: पार्लमेंटच्या संमतीवाचून कर किंवा कर्ज नाही, कारण सांगितल्याशिवाय कैद नाही, लोकांच्या घरांत सैनिक उतरवायचे नाहीत, शांततेच्या काळात नागरिकांवर लष्करी कायदा चालवायचा नाही. चार्ल्सने २ जूनला गोल गोल उत्तर दिले. कॉमन्सने ते स्वीकारले नाही. कर अजून मंजूर व्हायचा होता. ७ जूनला त्याने कायद्याच्या रीतीप्रमाणे संमती दिली आणि लंडनमध्ये रात्री शेकोट्या पेटल्या.

मग राजाने दाखवून दिले की त्याला मागायला यावेच लागले नाही तर असल्या कागदाचे काय होते. मार्च १६२९ मध्ये पार्लमेंट बरखास्त करून त्याने अकरा वर्षे ते बोलावलेच नाही. खर्चासाठी त्याने किनाऱ्यावरच्या गावांनी युद्धकाळात जहाजे पुरवण्याची जुनी रीत उकरून काढली आणि १६३५ पासून हे जहाजपट्टीचे ओझे समुद्रापासून दूरच्या परगण्यांवरही टाकले. बकिंगहॅमशरच्या जॉन हॅम्पडेनने आपल्या एका जमिनीवरचे २० शिलिंग भरायला नकार दिला. १२ न्यायाधीशांपैकी सात राजाच्या बाजूने गेले, पाच हॅम्पडेनच्या. पिटिशन ऑफ राइट कायद्याच्या पुस्तकात तशीच होती. ती जागी झाली १६४० मध्ये, स्कॉटलंडशी युद्ध ओढवून घेतल्यावर राजाची तिजोरी आटली तेव्हा. त्या नोव्हेंबरमध्ये भरलेल्या पार्लमेंटने वर्षभरात जहाजपट्टी बेकायदा ठरवली, स्टार चेंबर हे राजाचे खास न्यायालय मोडले आणि निदान तीन वर्षांतून एकदा पार्लमेंट भरलेच पाहिजे असा कायदा केला. पुढे युद्ध झाले आणि ३० जानेवारी १६४९ रोजी चार्ल्सचा शिरच्छेद झाला. पण राजा नाहीसा झाल्याने मनमानी नाहीशी झाली नाही. ऑलिव्हर क्रॉमवेलच्या राजवटीला १६५३ मध्ये लेखी राज्यघटना होती, तरी जॉर्ज कोनी या व्यापाऱ्याने संमतीवाचून लावलेली जकात भरायला नकार दिला, तेव्हा क्रॉमवेलने त्याच्या वकिलांनाच टॉवरच्या तुरुंगात पाठवले. सैन्य स्वतःच्या हातात असलेल्याला घटनाही अडवू शकली नाही.

१६७९ चा हेबियस कॉर्पस कायदा मला या साऱ्यात सर्वांत शहाणा वाटतो, कारण त्यात तत्त्वज्ञान जवळपास नाही. कैदी २० मैलांच्या आत असेल तर तीन दिवसांत न्यायाधीशापुढे आणायचा, १०० मैलांच्या आत असेल तर दहा दिवसांत, त्याहून दूर असेल तर वीस दिवसांत. सुट्टीच्या काळात आज्ञापत्र नाकारणाऱ्या न्यायाधीशाला ५०० पौंड दंड, तोही पीडिताला मिळायचा. कैद्याला समुद्रापलीकडच्या तुरुंगात नेऊन लपवायचे नाही. १६२७ मध्ये न्यायाधीश राजाकडे पाहून गप्प बसले होते. आता गप्प बसण्याची किंमत त्यांच्या खिशातून जाणार होती. २५ सरदार आणि त्यांची सैन्ये यांनी जे साधले नाही, ते मुदतीने आणि दंडाने बऱ्याच अंशी साधले.

एक भोक मात्र राहिले होते आणि ते पार्लमेंटनेच ठेवले होते. १६८५ मध्ये दुसरा जेम्स गादीवर आला, तेव्हा पार्लमेंटने त्याला जकातीचे आणि इतर उत्पन्न हयातीभरासाठी देऊन टाकले. व्यापार वाढत होता, पैसा भरपूर येत होता. जेम्सने त्यावर मोठे खडे सैन्य पोसले, कायद्यांतून माफी देण्याचा आणि कायदे स्थगित करण्याचा अधिकार मुक्तपणे वापरला, आणि विनंती करणाऱ्या सात बिशपांवर खटला भरला. जूरीने त्यांना जून १६८८ मध्ये सोडले. नोव्हेंबरमध्ये हॉलंडचा विल्यम टॉर्बेला सैन्यासह उतरला, जेम्स पळाला, आणि १३ फेब्रुवारी १६८९ रोजी विल्यम आणि त्याची पत्नी मेरी यांना मुकुट देऊ करताना हक्कांचा जाहीरनामा वाचला गेला. डिसेंबरात तो ‘बिल ऑफ राइट्स’ म्हणून कायदा झाला. कायदे स्थगित करणे, पार्लमेंटवाचून पैसा घेणे, शांततेत त्याच्या संमतीवाचून सैन्य ठेवणे, सारे बेकायदा. यातले बरेचसे आधीही म्हटले गेले होते. नवे होते ते या मजकुराच्या शेजारी उभे केलेले आर्थिक बंधन. १६९० मध्ये कॉमन्सने नव्या राजा-राणीला जकातीचे उत्पन्न फक्त चार वर्षांसाठी दिले. सैन्यातली शिस्त कायदेशीर राहावी यासाठीचा म्यूटिनी कायदा थोड्याच काळापुरता असे आणि पुन्हा पुन्हा मंजूर करावा लागे. फ्रान्सशी सुरू झालेल्या युद्धाने राजाची गरज इतकी वाढवली की १६८९ पासून आजवर पार्लमेंट भरले नाही असे एकही वर्ष गेलेले नाही. १६९४ मध्ये निघालेल्या बँक ऑफ इंग्लंडने सरकारला १२ लाख पौंड कर्ज दिले, ते परतफेडीमागे पार्लमेंटने मंजूर केलेले कर उभे होते म्हणून. १७०१ च्या ‘अ‍ॅक्ट ऑफ सेटलमेंट’ने शेवटचा खिळा ठोकला: न्यायाधीश चांगले वागतील तोवर पदावर राहतील, आणि त्यांना काढायचे तर दोन्ही सभागृहांनी मागणी करावी लागेल. कोकसारखी हकालपट्टी आता राजाच्या मर्जीवर राहिली नाही.

म्हणजे राजावरचा लगाम फक्त पार्लमेंटच्या हाती गेला, असे कोणी म्हणेल. आणि मोठ्या अंशी ते खरे आहे. बिल ऑफ राइट्स हा साधा कायदा आहे, पार्लमेंट तो बदलू शकते. त्याने कॅथलिकांना गादीपासून दूर ठेवले. ज्या पार्लमेंटच्या हाती लगाम दिला, ते निवडण्याचा हक्क मूठभरांना होता. जे पार्लमेंट स्वतःच्या राजाला संमतीशिवाय कर घेऊ देत नव्हते, तेच १८व्या शतकात अमेरिकन वसाहतींवर त्यांच्या संमतीवाचून कर लादायला निघाले. हा दोष माझ्या मुद्द्याला छेद देत नाही, तो त्याचीच दुसरी बाजू दाखवतो. ज्यांच्या संमतीवाचून तिजोरी भरते, त्यांच्यासाठी तोच मजकूर मुका होतो.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मुंबई-पुण्यात सापडते. मुंबईचे सुप्रीम कोर्ट १८२४ पासून राजाच्या सनदेने चालत होते. १८२८ मध्ये त्याने पुण्यातल्या मोरो रघुनाथ या अल्पवयीन मुलाला न्यायालयापुढे आणण्यासाठी हेबियस कॉर्पसचे आज्ञापत्र काढले. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी ते बजावू द्यायला नकार दिला. पुण्यातल्या लोकांवर असली आज्ञापत्रे चालू लागली तर सरकारचा दरारा जाईल असे त्यांचे म्हणणे. तेव्हा एकटे उरलेले न्यायाधीश सर जॉन पीटर ग्रँट यांनी एप्रिल १८२९ मध्ये न्यायालयच बंद ठेवले. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने त्याच वर्षी निकाल दिला तो गव्हर्नरच्या बाजूने: मुंबई बेटाबाहेरच्या एतद्देशीयांवर या कोर्टाचा असा अधिकार नाही. ग्रँट कोकच्याच जातीचे न्यायाधीश होते, कायदाही तोच होता. त्यांच्या मागे उभे राहून कर अडवणारी सभा मात्र नव्हती. जुलै १८९७ मध्ये, प्लेग अधिकारी रँड याच्या खुनानंतर, पुण्याच्या नातू बंधूंना सरकारने मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली पकडले, आरोप न ठेवता, खटला न चालवता, आणि त्यांची मालमत्ताही जप्त केली. एकोणचाळिसाव्या कलमात जे जे करायचे नाही म्हणून लिहिले होते, त्यातले बरेच एका दमात झाले.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कर अडवणाऱ्या सभेच्या याच उणिवेवर बोट ठेवले. १९०२ पासून कलकत्त्याच्या केंद्रीय कायदेमंडळात ते दर वर्षी अंदाजपत्रकावर बोलत, सरकारच्या शिलकीचे आकडे घेऊन मिठावरचा कर कमी करा म्हणत. अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकार मात्र त्या सभासदांना नव्हता. १९१९ च्या सुधारणांनंतर निवडून आलेल्या बहुमताची केंद्रीय विधानसभा आली. तिने १९२३ मध्ये मिठाचा कर मणामागे सव्वा रुपयावरून अडीच रुपये करण्याचा प्रस्ताव फेटाळला, आणि व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या खास अधिकारात तो मंजूर ठरवून लागू केला. स्वतंत्र भारताच्या संविधानाने २६५व्या कलमात कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता वा वसूल करता येणार नाही असे लिहिले, आणि संसदेने मंजूर केल्याखेरीज सरकारी निधीतून पैसा काढायला बंदी घातली. व्यक्तिस्वातंत्र्याच्या बाबतीत घटना समितीने कायद्याच्या रीतसर प्रक्रियेचे १३५४ पासून चालत आलेले सूत्र बाजूला ठेवून ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ एवढेच स्वीकारले. त्यातून पडलेली उणीव काही प्रमाणात भरून काढण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९ मध्ये १५-अ हा नवा अनुच्छेद मांडला: अटकेची कारणे सांगायची, वकील करू द्यायचा, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करायचे. तोच आजचा २२वा अनुच्छेद. प्रतिबंधक स्थानबद्धतेला या हमीतून वगळणारी पोटकलमेही त्याच अनुच्छेदात आहेत, आणि आजही लागू आहेत.